दोरीवरचा निळा एप्रन

भांडण नवरा-बायकोचं होतं, आणि नऊ वर्षांच्या पोरीनं ऐकावं असं त्यात काही नव्हतं. पण मोझेलची आई जेलरसाहेबांच्या घरी कपड्यांना इस्त्री करायला जायची, आणि आईची इस्त्री होईपर्यंत मोझेल त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसून चवळीच्या शेंगा सोलायची. खिडकी उघडी होती. गोरी माणसं काळ्या पोरांसमोर बोलताना आवाज खाली आणत नसत, भिंतीसमोर कोण आणतं.

"फ्रिज म्हणजे काय चैन आहे का? दूध नासतं माझं," बाई म्हणत होत्या.

"कुठून आणू?" जेलर कॉगिन्स म्हणाले. "सोळा खाटा आहेत आणि त्यातल्या नऊ रिकाम्या. जिल्हा मला माणशी खुराकी देतो, लोरेटा, त्यातलं उरेल ते आपलं. रिकामी खाट जेवत नाही."

"मग भरा की. परवा शनिवार. कापसाच्या जिनात पगार होणार. एकेक जण खिशात पैसे घेऊन रस्त्यावर उभा राहील."

"उभं राहणं हा काही गुन्हा नाही."

"तुम्ही म्हणालात तर आहे."

 नंतर साहेबांचं हसू ऐकू आलं, आणि बाईंचंही. मोझेलला बरं वाटलं. फ्रिज आला तर बाई आईच्या हातात बर्फाचा एखादा खडा ठेवतील, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

शनिवारी तिचा बाप आयसम जिनाच्या फाटकाबाहेर पगार मोजत उभा असताना त्याला धरलं. उनाडपणे उभा होता, असं कागदावर लिहिलं. सोबत आणखी आठ जण. नव्वद दिवस तो नदीच्या बांधावर माती ओढत होता, आणि परत आला तेव्हा एक खोकला घेऊन आला, जो मरेपर्यंत त्याच्यासोबत राहिला. त्यानंतर आयसम कधी कुठे उभा राहिला नाही. दुकानात गेला तरी चालता चालता सामान मागायचा. लोक हसायचे. मोझेल हसली नाही. तिला गुरुवारीच कळलं होतं, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बापालाही तिनं हे कधीच सांगितलं नाही. फ्रिज मात्र आला, दाराला चांदीसारखी चकचकीत मूठ असलेला.

जिनाच्या मागं आमची काळ्यांची वस्ती. लांबट लाकडी घरं, पुढं एक ओटा, मागं एक दोरी, आणि मध्ये एकच रस्ता, ज्याला फरसबंदी कधी लागली नाही. मोझेल इथंच वाढली, इथंच हर्शेलशी लग्न झालं, इथंच त्याला पुरलं. एक मुलगा झाला, लवेल. चाळिशी उलटल्यावर तिनं नव्या तुरुंगात स्वयंपाकाची नोकरी धरली तेव्हा समोरच्या घरातल्या युलानं ओट्यावरूनच विचारलं, "म्हणजे आपल्याच पोरांना डांबणाऱ्यांच्या भाकऱ्या भाजणार तू?"

"भाजणार," मोझेल म्हणाली. "नाहीतर कच्च्या खातील."

"पैशासाठी?"

"गुडघ्यांसाठी. कापूस वेचून झिजलेत ते. आणि तिथं आजारपणाचा विमा आहे. तुझ्याकडे आहे का विमा, युला? असला तर मी तुझ्याकडे कामाला येते."

युला सहा वर्गांपर्यंत शिकलेली, मोझेल तीन. हा तीन वर्गांचा फरक युला तीस वर्षं विसरली नव्हती. पण त्या दिवशी ती ओट्यावरून उठून घरात गेली.

नवा तुरुंग सरकारचा नव्हता, कंपनीचा होता. मोठा, पांढरा, खिडक्यांना काच नाही. फाटकावर पाटी: नवी सुरुवात. आत दोनशे चाळीस खाटा. स्वयंपाकघरात रोज पहाटे एक गुलाबी चिठ्ठी यायची, आज किती ताटं लावायची त्याचा आकडा. वाचायला मोझेल कच्ची, पण आकडे तिला बोटांवर कळायचे. पहिल्या वर्षीच तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. आकडा दोनशे सोळाच्या वर असला, की वस्तीत शांतता असायची. दोनशे सोळाच्या खाली उतरला, की दोन दिवसांत पोलिसांच्या गाड्या जिनाच्या मागं फिरायला लागायच्या. कुणाच्या गाडीचा मागचा दिवा फुटलेला निघायचा. कुणी गाणं मोठ्यानं लावलेलं असायचं. कुणी रस्त्याच्या मधून चाललेला असायचा, आणि त्या रस्त्याला कड नव्हतीच तर माणूस चालणार कुठून.

का दोनशे सोळा, हे तिला डार्लानं सांगितलं. डार्ला गोरी, तिशीची, ताटं विसळायला होती. तिचा भाऊ आतच होता, बाटल्यांपायी. "करार आहे, मिस मोझेल," डार्ला म्हणाली. "दहातल्या नऊ खाटा भरून द्यायच्या, असं जिल्ह्यानं कंपनीला लिहून दिलंय. कमी पडल्या तर जिल्ह्यानं कंपनीला दंड भरायचा."

"आणि भरणार कोण खाटा?"

डार्ला ताट घासत राहिली. "माझा भाऊ एक भरतोय," ती म्हणाली. "पण शोधायला ते आधी तुमच्याकडे जातात. ते मला माहिती आहे."

मोझेल त्या दिवशी घरी आली आणि ओट्यावर बसून राहिली. तिला खिडकी आठवली, चवळी आठवली. फ्रिजची मूठसुद्धा आठवली.

तुरुंगातून मिळालेले दोन एप्रन तिच्याकडे होते, एक पांढरा, एक निळा. काम संपलं की एक धुऊन ती मागच्या दोरीला लावायची. दोरी रस्त्यावरून दिसायची. तिनं युलाला फक्त एवढंच सांगितलं, "आकडा खाली गेला की निळा लावीन." युलानं तिच्या भाच्याला सांगितलं असावं, भाच्यानं त्याच्या बायकोला. महिनाभरात कुणी काही न बोलता सगळ्या वस्तीला ठाऊक झालं. निळा दिसला की गाड्या अंगणातच राहायच्या. दुकानाच्या कोपऱ्यावर कुणी बसायचं नाही. पुरुष कामावर जायचे ते मोठ्या रस्त्यानं नाही, मागच्या ओढ्याच्या पायवाटेनं. आया पोरांना हाका मारून आत घ्यायच्या. रविवारी चर्चमध्ये तिच्या हातावर कुणीतरी हलकेच हात ठेवून पुढं जायचं, आणि कुणी कुणाचे आभार मानायचं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. अकरा वर्षं रोज पहाटे ती चिठ्ठी उलगडायची. वरचा आकडा बघून जीव हलका झाला, की तिला स्वतःचीच लाज वाटायची. खाटा भरल्या म्हणून आनंद कसला मानायचा. पण व्हायचा.

तिच्या नशिबानं लवेल सापडला तो पांढऱ्या एप्रनच्या दिवशी, आणि दोष त्याचाच होता, निदान अर्धा. गवत कापायचं यंत्र त्यानं कुणाकडून तरी स्वस्तात घेतलं. ते चोरीचं निघालं. "इतकं स्वस्त मिळत होतं, तेव्हाच कळायला हवं होतं," मोझेल म्हणाली. लवेल म्हणाला, "आई, स्वस्त मिळणं एवढाच आपला दोष असतो." तीन वर्षांची शिक्षा झाली. सव्वादोन वर्षांनी पॅरोलवर सुटला, म्हणजे उरलेले नऊ-दहा महिने बाहेर काढायचे, दर गुरुवारी दुपारी तीन वाजता कोर्टाशेजारच्या कचेरीत जाऊन तोंड दाखवायचं. एकदा चुकलं किंवा एकदा पोलिसांच्या तावडीत सापडलं, की उरलेली शिक्षा आत.

आत असताना तो सुधारणेच्या वर्गाला होता. बाकी तिथं फारसं काही सुधारत नव्हतं, पण यान्सी नावाचा एक म्हातारा गोरा गवंडी आठवड्यातून एकदा यायचा आणि मन लावून शिकवायचा. लवेल विटा रचायला शिकला, प्रमाणपत्र घेऊन आला. आल्या आल्या त्यानं आईच्या ओट्याला विटांच्या पाच पायऱ्या बांधून दिल्या. चार अगदी सरळ. पाचवी जरा डावीकडे झुकलेली.

"सव्वादोन वर्षांत एवढंच?" युला म्हणाली.

"पाचव्या पायरीच्या आठवड्यात वर्ग झाला नव्हता," लवेल म्हणाला, "युलामावशी, तिच्यासाठी परत जाऊ का?"

मोझेलनं हातातलं फडकं त्याच्या पाठीवर मारलं. "असलं बोलायचं नाही. गंमतीतही नाही."

तो चौतीस वर्षांचा होता, महामार्गावरच्या टायरच्या दुकानात कामाला, आणि निळा एप्रन त्याला आवडत नसे. "मी काय कोंबडी आहे का, आई? घार दिसली की खुराड्यात. मी काही केलेलं नाही. सरळ रस्त्यानं चालेन."

"तुझे आजोबा सरळ उभे होते," ती म्हणायची. पुढचं सांगत नसे.

ऑक्टोबर लागला. एके दिवशी मिस्टर प्रुइट स्वयंपाकघरात आले. कंपनीचे इथले साहेब. दर मंगळवारी शेरीफसोबत, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांच्या साहेबासोबत, नाश्ता करायचे, हे सगळ्या गावाला ठाऊक. भात कसा झालाय ते त्यांनी पाहिलं, आणि मग अगदी सहज म्हणाले, "मिस मोझेल, परवा तुमच्या घरावरून गेलो. दोरीवर निळा एप्रन होता. आपल्याकडचाच ना?"

"हो साहेब. जुना झालाय म्हणून घरी नेला."

"रोज धुता?"

"पीठ सांडलं की."

"आणि कधी सांडतं?"

"सांडेल तेव्हा, साहेब."

ते हसले. ते गेल्यावरही मोझेल शिजलेला भात डावानं ढवळत राहिली. डार्लानं येऊन तिच्या हातातून डाव काढून घेतला. "काही नाही," डार्ला पुटपुटली, "त्याला धुण्यात काय कळतंय."

मोझेलला वाटलं एप्रन बंद करावा. मग वाटलं, अचानक बंद केला तर त्यांना पक्कं कळेल. आणि वस्तीला कळवायचं कसं? आठ दिवस ती रोज चिठ्ठी उलगडायची आणि रोज आकडा वरच असायचा. सुटले, असं वाटायचं. ती पांढराच लावत राहिली.

त्या गुरुवारी चिठ्ठीवर दोनशे एकवीस होता. दोरीला आदल्या दिवशी काम संपल्यावर लावलेला पांढरा तसाच होता, कालच्या आकड्यावरून. दोनशे एकवीस बघून तिला शांत वाटलं. लवेलचा कचेरीचा दिवस. मोठ्या रस्त्यानं जाईल, तासाभरात परत येईल. तिनं मक्याच्या कण्या शिजवल्या, बीन्स टाकले.

साडेअकराला जेवणाची फळी उघडली. ताटं खालच्या फटीतून सरकवायची असतात, पलीकडचं माणूस कमरेखालीच दिसतं, विजार आणि हात. पट्ट्यापट्ट्यांच्या विजारी येत गेल्या. मग एक हिरवी आली. मग आणखी एक. मग ओळीनं हिरव्याच.

"डार्ला," ती म्हणाली, "हे हिरवे कोण?"

"शेजारच्या जिल्ह्याचे. जत्रेचे मांडव घालायला आणलेत, आठवडा झाला. रोज तुम्ही सुटल्यावर जेवायचे, आज लवकर आणलंय. रविवारपर्यंत आहेत."

"आपल्यात मोजतात त्यांना?"

"जेवणात मोजतात. खाटांत नाही, ते तिकडचेच."

"किती आहेत?"

"तीस असतील."

मोझेलनं ओट्यावरची रिकामी ताटं तीस मोजून बाजूला सारली आणि उरलेल्यांकडे बघत राहिली. अकरा वर्षं ती चिठ्ठीवर विसंबली होती. चिठ्ठी तर फक्त तोंडं मोजायची. तिला हे कधी सुचलंच नव्हतं, कारण कंपनीनं बाहेरची तोंडं आजवर कधी आणलीच नव्हती. म्हणजे खाटा भरलेल्या होत्या एकशे एक्याण्णव. आज नाही, गेले कित्येक दिवस. आणि दोरीवर पांढरा फडकत होता.

दोन वाजेपर्यंत स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप असतं. फोन करायची मुभा नाही. डार्लाला मात्र सिगारेटसाठी दहा मिनिटं बाहेर सोडायचे.

"युलाला फोन कर," मोझेल म्हणाली. "म्हणावं, मोझेलचं धुणं काढ, पाऊस येतोय."

डार्ला गेली आणि परत आली. "म्हणते, आभाळात ढग नाही. म्हणते, मोझेलला पाऊस कधीपासून कळायला लागला."

"तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, काढा हो. तर म्हणते, तू कोण, आणि तिच्या कपड्यांशी तुझा काय संबंध. ठेवून दिला फोन."

मोझेलनं डोळे मिटले. सहा वर्गांपर्यंत शिकलेली बाई.

दोनला सुटल्यावर ती जमेल तेवढ्या वेगानं चालत आली. गुडघे ठणकत होते. जिनाच्या वळणावर पोलिसांची एक गाडी उभी होती, आत दोघं सँडविच खात होते. तिनं हात वर करून नमस्कार केला, त्यांनीही केला. घरी पोचली ती मागच्या दारानं, पांढरा ओढून काढला, निळा लावला, दोन चिमटे. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून दोघं माणसं उठून आत गेलेली तिला दिसली. कुणीतरी गाडी अंगणात घेतली. तिचा श्वास जागेवर आला. अजून उशीर झाला नव्हता.

लवेल शर्टाची बटणं लावत होता. सव्वादोन.

"आज नको जाऊस," ती म्हणाली.

"नको जाऊ? आई, न जाणं हाच गुन्हा आहे. तीन वाजता तिथं नसलो तर साडेतीनला ते इथं असतील."

तिला ते ठाऊक होतं. तरी म्हणाली होती. जायचं तर पकडतील, नाही जायचं तर पकडतील. ती एकदा दाराकडे गेली, एकदा परत आली. मग तिनं कंपनीचं नाव छापलेला आपला पांढरा डगला पुन्हा अंगात घातला. "मी येते बरोबर. ओढ्याच्या वाटेनं."

"मोठ्या रस्त्यानं जाऊ. तू आहेसच. मायलेक चाललेत, कोण काय म्हणणार?"

"ओढ्याच्या वाटेनं, लवेल."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टोपी घातली. "बरं. कोंबडी तर कोंबडी."

वाट विलोच्या झाडांमधून जाते. पानं पिवळी झाली होती, चिखल वाळलेला होता. ती पुढं, तो मागं. तो तिला हसवायला टायरच्या दुकानातल्या मालकाची नक्कल करत होता. ती हसत नव्हती, कान लावून चालत होती. ओढ्याच्या वळणावर आडव्या पडलेल्या ओंडक्यावर दोन पोलीस बसलेले होते. हातात कॉफीचे कागदी पेले. कुणाला शोधतायत असं वाटत नव्हतं. वाट बघतायत असं वाटत होतं.

"या या, मिस मोझेल," त्यातला थोरला म्हणाला. "आज निळा दिवस दिसतोय."

मोझेलचे पाय जागेवर थांबले.  त्यांना ठाऊक होतं. निळा लागला की माणसं या वाटेनं येतात, म्हणून ते इथंच बसले होते. आणि तो तिनं स्वतः लावला होता, वीस मिनिटांपूर्वी, दोन चिमटे.

थोरल्यानं विलोच्या खोडाकडे बोट दाखवलं. तिथं एक फळी ठोकलेली होती. खिळे नवे, चकचकीत. "वाचता येतं?" त्यानं लवेलला विचारलं.

"आत शिकलो," लवेल म्हणाला. "कंपनीची जागा, आत येण्यास मनाई."

"मागच्या सोमवारपासून."

"ही वाट माझ्या आजोबांपासून आहे, साहेब."

"वाट असेल. जमीन कंपनीची आहे. आणि तू पॅरोलवर आहेस ना?"

"मी आणलं त्याला," मोझेल म्हणाली. "तो मोठ्या रस्त्यानं येत होता. मी म्हटलं इकडून चल. पाटी मला वाचता येत नाही. मला धरा."

"तुम्ही घरी जा, मिस मोझेल," पोलीस म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त भीतीचं होतं. "तुम्ही तर आमच्याकडच्याच आहात."

लवेलनं हात मागं नेले, कुणी सांगायच्या आधी. "आई, तू जा," तो म्हणाला. "गुडघे टेकू नकोस त्यांच्यापुढं, पायांवर घरी जा." ती उभीच राहिली. दुपारभरात त्या ओंडक्यापाशी वस्तीतले आणखी तीन जण सापडले, तिघंही निळा बघून त्या वाटेला लागलेले.

संध्याकाळी युला आली, ओट्याच्या पाचव्या पायरीवर बसली.  मग युला म्हणाली, "आभाळात ढग नव्हता."

"नव्हता."

"मला कळायला हवं होतं."

"मलाही," मोझेल म्हणाली, आणि मग नऊ वर्षांची असल्यापासून जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं. खिडकी, चवळी, फ्रिज. "तेव्हा ऐकलं आणि बोलले नाही, तर बाप गेला. आता बोलले, तर मुलगा गेला. एप्रन काढून जाळते."

युला विचार करत होती. "काढू नकोस," ती म्हणाली. "रोज निळाच लाव. रोज. बसू दे त्यांना रोज ओढ्यावर कॉफी पीत."

"आणि लोकांना कसं कळायचं?"

"तू मला दर गुरुवारी मक्याचा पाव आणून देतेस. आता रोज आण. सगळं ठीक असलं तर फडकं झाकून आण. नसलं तर उघडा आण. उघड्या पावाकडे कोण बघतं, भुकेल्या माणसांशिवाय?"

मोझेलनं तिच्याकडे पाहिलं. "सहा वर्ग," ती म्हणाली.

"सहा वर्ग," युला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चिठ्ठी आली. मोझेलनं ती उलगडली आणि डार्लाला विचारून त्यातले हिरवे वजा केले. साडेअकराला फळी उघडली, हातांची ओळ सुरू झाली. एक हात आला, अंगठ्याच्या मुळाशी चुन्यानं भाजल्याची पांढरी खूण. तिनं त्या ताटावर एक पळी जास्त वाढली.

"आई," फटीपलीकडून हलक्या आवाजात कुणी म्हणालं, "कण्या पातळ झाल्यात."

"झाल्यात," ती म्हणाली. "पुढं सरक."

नऊ महिने ती रोज त्या हातांना वाढत राहिली. चेहरा महिन्यातून एकदा दिसायचा, काचेआडून. सुटायचा दिवस जवळ आला तेव्हा लवेलला पुन्हा त्याच सुधारणेच्या वर्गाला बसवलं. यान्सी गवंडी म्हणाला, "तुला तर हे येतं." लवेल म्हणाला, "येतं. पण वर्गात माणसं कमी पडतात म्हणतात." त्यानं दुसरं प्रमाणपत्र आणलं, पहिल्यासारखंच, त्यावर तेच उगवत्या सूर्याचं चित्र. मोझेलनं पहिलं भिंतीला लावलं होतं. दुसरं तिनं पावाच्या गरम तव्याखाली घालायला घेतलं, जाड होतं, हाताला चटका बसत नसे. लवेलनं पाचवी पायरी पाडून सरळ करायला घेतली, तर तिनं करू दिली नाही. पायाला सवय झालीय म्हणाली.

पुढं वयामुळं नोकरी सुटल्यावर आकडा तिला डार्लाकडून कळायचा. डार्लाकडे कोंबड्या होत्या. कामावरून घरी जाताना ती लाल गाडी थांबवून अंडी देऊन जायची. थांबली की ठीक. न थांबता गेली की पाव उघडा. दोघी त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. निळा एप्रन दोरीवर रोज होता, पार विटून आभाळासारखा झाला. ओढ्याच्या ओंडक्यावर पोलीस काही वर्षं बसले, मग कंटाळले. वस्तीतली माणसं पकडली गेली नाहीत असं नाही. पण आधीपेक्षा कमी गेली, आणि लवेल पुन्हा गेला नाही. त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. मुलीला पाव उघडा का नेतात हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपणहूनच एकदा उघडा पाव बघितला आणि दोरीवरून उड्या मारायच्या सोडून घरात गेली. 

मोझेल गेली ती एका रविवारी, झोपेत, शहात्तर वर्षांची होऊन. त्याआधीच्या गुरुवारी तिचे पाय सुजून बुटांत मावत नव्हते. लवेल म्हणाला होता, पाव मी नेतो. ती म्हणाली, तू नेलास तर लोकांना वाटेल मी मेले, आणि घाबरून सगळे बाहेर येतील. दुपारी डार्लाची लाल गाडी रस्त्यानं गेली. थांबली नाही.

मोझेलनं तवा भट्टीतून काढला, त्याखाली प्रमाणपत्र धरलं, आणि हर्शेलच्या जुन्या चपला पायात सरकवून ओट्यावर आली. रस्त्यावर पोलिसांची एक गाडी उभी होती. आत एक नवा पोरगा, पंचवीस-सव्वीसचा. ती कठड्याला धरून चार पायऱ्या उतरली, पाचवीवर तिनं पाय जरा डावीकडे ठेवला, आणि रस्त्यात आली. पावाची वाफ वर जात होती.

"मिस मोझेल," पोरगा खिडकीतून म्हणाला, "पावावर माशा बसतील. झाका ना."

"झाकला की घाम धरतो, बाळा," ती म्हणाली. "मऊ होतो. युलाला कुरकुरीत लागतो."

तिनं रस्ता ओलांडला, एकदा थांबून दम खाल्ला, मग पुढं गेली. समोरच्या ओट्यावर पत्ते खेळणाऱ्या दोघांनी पत्ते गोळा केले. पलीकडं कुणीतरी एका पोराला हाक मारली. युलानं दार उघडलं, पाव बघितला, मोझेलकडे बघितलं.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"पाय," मोझेल म्हणाली, आणि तवा तिच्या हातात दिला.